एस१३मध्ये ई८५ टाकायचंय: पंप कुठला, इंजेक्टर केवढे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९९१ची निसान २४०एसएक्स, म्हणजेच एस१३. मूळचं केए२४ इंजिन काढून जपानहून आलेलं टर्बो एसआर२०डीईटी बसवलंय. टर्बो मोठा केलाय, स्टँडअलोन ईसीयू (इंजिन चालवणारा वेगळा संगणक) आहे, पेट्रोलवर ३०० हॉर्सपॉवर निघतात. आता ई८५वर (बहुतांश इथेनॉल, थोडं पेट्रोल) ४०० काढायचेत. इंधनाचा पंप ताशी ४५० लिटरचा घ्यावा की ५२५चा? इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणारे) मिनिटाला १००० सीसीचे की १३००चे? आणि "बाकी काही बदलावं लागेल का?"

अरे, खरा प्रश्न तो शेवटचा आहे, आणि तोच तू जाता जाता विचारलायस. पंप आणि इंजेक्टरची उत्तरं दोन ओळीत देता येतात. त्या "बाकी"वर मी स्वतः एक इंजिन घालवलंय, ते पुढे सांगतोच. मी मिनेसोटात राहतो. अमेरिकेत ई८५ विकणारे सर्वाधिक पेट्रोलपंप असलेल्या राज्यांपैकी हे एक, दोन्ही बाजूंना मक्याची शेतं आणि मध्ये पंप. माझी एस१३ गेली नऊ वर्षं या इंधनावर चालतेय, आणि मित्रांच्या पाच-सहा गाड्या याच गॅरेजमधून करून गेल्यात.

आधी आकडे. एक भाग पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते, शुद्ध इथेनॉलला ९, ई८५ला पावणेदहाच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी आकारमानाने चाळीसेक टक्के जास्त इंधन आत गेलं पाहिजे. बदल्यात मिळतं काय? ऑक्टेन मिळतं आणि थंडावा मिळतो. इथेनॉलची वाफ व्हायला खूप उष्णता लागते, आणि हवेच्या तुलनेत इंधनही जास्त पडतं. दोन्ही मिळून हवेच्या प्रत्येक किलोमागे हा थंडावा पेट्रोलच्या जवळपास चौपट होतो. म्हणून टर्बो इंजिनला हे इंधन एवढं मानवतं. तुझ्या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो ८.५ आहे. त्यावर पेट्रोलमध्ये १.४ बार बूस्टला (टर्बो भरतो तो हवेचा जादा दाब) इंधन आपोआप पेटून ठोके यायला लागतात तिथे ई८५वर ठिणगीचं टायमिंग आरामात पुढे नेता येतं.

आता तुझे ४००. टर्बो इंजिन ई८५वर प्रत्येक हॉर्सपॉवरमागे ताशी सुमारे ०.८५ पौंड इंधन खातं. ४००चे झाले ३४० पौंड, म्हणजे १५४ किलो, म्हणजे ताशी साधारण २०० लिटर. चार इंजेक्टरांत वाटले तर प्रत्येकी मिनिटाला ८२५ सीसी, तेही इंजेक्टर सतत उघडा राहिला तर. ८० टक्क्यांहून जास्त वेळ तो उघडा राहू द्यायचा नाही, म्हणजे हजार-साडेदहाशे सीसीचा इंजेक्टर हवा. १३००चे घेऊन बिघडत काही नाही, पण ४००साठी गरजही नाही. त्या इंजिनाबरोबर आलेले मूळ ३७० सीसीचे किती पुरतात हे बघ: चारही पूर्ण उघडे ठेवले तरी ई८५वर १८०च्या आसपास. कारखान्यातून निघतानाचे २०५सुद्धा नाहीत.

एक अडचण मात्र एसआर२०ची स्वतःची आहे. मूळ रेल (इंजेक्टरांना इंधन वाटणारी नळी) साइड-फीड आहे, इंधन इंजेक्टरच्या कमरेतून आत शिरतं. त्या प्रकारात मोठे इंजेक्टर मिळतात, निसानच्याच रेसिंग शाखेचे, निस्मोचे ७४०चे प्रसिद्ध आहेत, पण हजारच्या पुढे चांगली निवड हवी असेल तर टॉप-फीड, म्हणजे वरून इंधन देणारी रेल बसवावी लागते. तो खर्च आत्ताच धर. आणि इंजेक्टर असे घे ज्यांचा डेड टाइम (इशारा मिळाल्यापासून उघडेपर्यंतचा उशीर) वेगवेगळ्या व्होल्टेजला आणि दाबाला मोजून दिलेला असतो. स्वस्त, बिननावाच्या इंजेक्टरांचा सेट फुल थ्रॉटलला ठीक चालतो. आयडलला मात्र गाडी सिग्नलवर उभी असताना खोकत राहते, आणि मग ट्यूनरला (ईसीयूतले आकडे बसवणाऱ्याला) शिव्या बसतात.

पंप. ४५० आणि ५२५, दोन्ही नकोत. तुला ४.४ बारला ताशी २०० लिटर हवेत: ३ बार मूळ दाब आणि वर १.४ बूस्ट. त्यात २० टक्के हात राखून धर, २४० झाले. डब्यावर लिहिलेले ३४० किंवा ४५० हे कमी दाबाचे आकडे असतात. दाब वाढला की प्रवाह पडतो, म्हणून आलेख बघायचा, डबा नाही. इथेनॉलसाठी बनवलेला चांगला ३४०चा पंप या दाबाला, पूर्ण व्होल्टेजवर तेवढं देतो. पुढच्या वर्षी ५०० करायचेच असं मनात असेल तर ४५० घे, पण मग रेग्युलेटर (इंधनाचा दाब धरून ठेवणारी झडप) आणि परतीची लाइनही बदल. कारण आयडलला इंजिन इंधन पितं चमचाभर, उरलेलं सगळं परतीच्या बारीक नळीतून टाकीत जायचं असतं. ते मावलं नाही की दाब चढतो. तपासणं सोपं आहे. आयडलला रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून तोंड बंद कर. दाब ३ बार दिसायला हवा. रेग्युलेटर सैल करूनही ३.५च्या खाली येत नसेल, तर पंप गाडीला मोठा झालाय. शिवाय एवढं इंधन फिरत राहिलं की टाकीतलं इंधन तापतं आणि अर्ध्या टाकीवर उन्हाळ्यात पंप कुरकुरायला लागतो.

आता "बाकी".

विजेपासून सुरू करतो, कारण तिथे कोणी बघत नाही. पंपाचा आलेख साडेतेरा व्होल्टला काढलेला असतो. तुझ्या गाडीत तीस वर्षांची बारीक वायर इग्निशन स्विचमधून, फ्यूज बॉक्समधून, दहा जोडांतून डिकीपर्यंत जाते. मोठा पंप १५ अँपिअर ओढायला लागला की बॅटरीला १४ आणि पंपाच्या टोकाला १२च्याही खाली, असं मी एकाहून जास्त गाड्यांत मोजलंय. मग विकत घेतलेला पंप एका आकाराने लहान होतो. बॅटरीपासून १० गेजची वायर, बॅटरीजवळच फ्यूज, डिकीत रिले, आणि पंपाचा अर्थ जवळच्या स्वच्छ घासलेल्या पत्र्यावर. मल्टिमीटर पंपाच्या दोन टोकांवर लावून मोजायचं, बॉडीवर एक टोक ठेवून नाही. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक नको.

आणि रिलेला चालना ईसीयूकडून दे, चावीकडून नाही. इंजिन बदललेल्या गाड्यांत हा घोटाळा मी कितीदा पाहिला. चावी लावली की पंप चालू, बंद व्हायला चावीच काढावी लागते. अपघातात नळी तुटली आणि इंजिन बंद पडलं तरी पंप इमानदारीने इंधन ओतत राहतो. ईसीयू असेल तर इंजिन थांबताच दोन सेकंदांत पंप थांबतो. यात सवलत नाही.

टाकीच्या आत आणखी एक गंमत आहे. पेट्रोल वीज वाहत नाही, इथेनॉल थोडी का होईना वाहतं. पेट्रोलमध्ये वर्षानुवर्षं उघडं पडलेलं तांब्याचं टोक काही करत नाही. ई८५मध्ये तेच टोक हिरवं पडतं, मग काळं, मग गळून जातं. नेहमीच्या वायरचं प्लास्टिक कडक होऊन तडकतं, हीट श्रिंकचा गोंद सुटतो. टाकीतल्या वायरी टेफ्लॉन किंवा टेफझेल वेष्टनाच्या हव्यात, आणि झाकणातून वायर नेण्यासाठी या कामासाठीच बनवलेला सीलबंद कनेक्टर. भोक पाडून इपॉक्सी भरू नकोस.

आता माझं इंजिन. पंपापासून झाकणापर्यंतची ती दोन इंचांची रबरी नळी. दुकानात मी फ्युएल इंजेक्शनची होज मागितली, त्याने दिली, वर ३०आर९ छापलेलं. दाबासाठी उत्तम होज. पण आर९ ही बाहेरून कोरडी राहणारी होज आहे. इंधनात बुडून राहायला आर१० लागते, तिचा बाहेरचा थर त्यासाठी केलेला असतो. मला तेव्हा हा फरक माहीत नव्हता, आणि दुकानदाराला मी सांगितलंही नव्हतं की टाकीच्या आत लावायचीय. चारएक महिन्यांत ती फुगून लिबलिबीत झाली आणि क्लॅम्पच्या कडेला फाटली. फाटली तीही टाकीच्या आत. म्हणजे बाहेर थेंब नाही, वास नाही. आयडलला दाब ठीक, क्रूझला ठीक. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण बूस्टवर मात्र निम्मं इंधन टाकीतच फवारलं जात होतं. बॉनेटखालचा दाबाचा घड्याळी गेज चालवताना थोडाच दिसतो? तिसऱ्या नंबरच्या पिस्टनची रिंग लँड (रिंगच्या खोबणीची कड) तुटली. मूठभर डॉलरच्या नळीसाठी अख्खं इंजिन उघडलं.

तेव्हापासून माझा एकच हट्ट आहे, आणि तो मी तुझ्यावरही लादणार: दुसरा काही पार्ट घ्यायच्या आधी रेलवर दहा बारचा प्रेशर सेन्सर बसव आणि तो ईसीयूच्या लॉगमध्ये घे. त्यातून मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीचा) दाब वजा केला की जो आकडा राहतो, तो आयडलपासून फुल बूस्टपर्यंत सरळ रेषेत ३ बारवर राहायला हवा. इंजेक्टर तेवढाच फरक ओळखतो. तो ३वरून २.४वर आला तर प्रवाह साडेदहा टक्क्यांनी कमी होतो, वर्गमुळाच्या हिशोबाने. ०.८० लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण; १ म्हणजे नेमकं, त्याखाली इंधन जास्त) जवळजवळ ०.९० होतो. माझा त्या दिवशी दोनच्या आसपास आला असणार. ईसीयूला सांगून ठेव: हा फरक २.६च्या खाली गेला की बूस्ट तोड. पंप पुरतोय का, लाइन बारीक आहे का, फिल्टर तुंबलाय का, वायर कमजोर आहे का, सगळ्यांची उत्तरं या एका रेषेत दिसतात. मूळ लोखंडी लाइन ठेवावी की मोठी टाकावी यावर लोक तास-तास वाद घालतात. लॉग काढ. रेषा सपाट असेल तर लाइन पुरते, विषय संपला.

रेग्युलेटरला मॅनिफोल्डकडून येणारी छोटी नळी स्वतंत्र टोकावरून घे आणि दोन्ही बाजूंना क्लॅम्प लाव. ती बूस्टमध्ये निसटली तर रेलचा दाब वाढतच नाही आणि वरचा सगळा हिशोब कोसळतो. बिनक्लॅम्पची व्हॅक्यूम नळी बघितली की मी हल्ली त्या गाडीत बसतच नाही.

बाहेरच्या नळ्या. इंजिन बसवताना कोणी वेणीदार स्टीलच्या नळ्या लावल्या असतील, पण आत काय आहे ते बघ. बाहेरून चकचकीत, आत साधं रबर असेल तर ई८५चा वास त्यातून झिरपतो. गाडी घराला जोडलेल्या गॅरेजमध्ये उभी करत असशील तर घरातलीच मंडळी तुला सांगतील. आतून पीटीएफई (टेफ्लॉन), तेही काळं, वीजवाहक अस्तराचं घे. त्याला फिटिंग वेगळे लागतात, आत छोटी ऑलिव्ह (दाबून बसणारी धातूची कडी) असते. रबराचे फिटिंग त्यावर लावायचा प्रयत्न करू नकोस. रेल आणि फिल्टरचं अ‍ॅल्युमिनियम अ‍ॅनोडाइज केलेलं हवं. जस्ताचा मुलामा दिलेलं काहीही इंधनात नको, त्याची पांढरी भुकटी होऊन थेट इंजेक्टरच्या जाळीत बसते. पंपानंतरचा फिल्टर दहा मायक्रॉनचा, स्टीलच्या जाळीचा.

फिल्टरवरून आठवलं. तुझी टाकी पत्र्याची आणि तीस वर्षांहून जुनी. आत पेट्रोलचा जुना राळेसारखा थर असतो, कडेला गंज असतो. इथेनॉल तो थर सोडवतं, अक्षरशः धुऊन काढतं. म्हणून पहिल्या दोन-तीन टाक्यांनंतर फिल्टर उघडून साफ करायचाच, कितीही स्वच्छ वाटला तरी. शक्य असेल तर पंप बदलायला टाकी उघडशील तेव्हाच ती आतून बघून घे. वळणांवर जोरात चालवणार असशील, ड्रिफ्टिंग वगैरे, तर पाव टाकीवर पंप हवा ओढणार. तेव्हा सर्ज टँक (पंपाला सतत इंधन देणारी छोटी जादा टाकी) लाव किंवा टाकी अर्ध्याच्या वर ठेव. नुसतं रस्त्यावर चालवायचं असेल तर टाकी भरलेली ठेवणं सगळ्यात स्वस्त.

आता ई८५ नाव असलं तरी त्यात ८५ टक्के असतंच असं नाही. अमेरिकी मानकाप्रमाणे त्यात ५१पासून ८३ टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालतं. थंडीत कमी, उन्हाळ्यात जास्त. जुलैत डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) बसवलेला ईसीयूचा मॅप नोव्हेंबरात खोटा पडतो. म्हणून इथेनॉलची टक्केवारी मोजणारा फ्लेक्स फ्युएल सेन्सर लागतोच. जनरल मोटर्सच्या गाड्यांत येतो तो सगळे वापरतात. शून्य टक्क्याला ५० हर्ट्झ, शंभर टक्क्यांना १५०, मधलं सरळ गणित, आणि पल्सच्या रुंदीतून इंधनाचं तापमानही मिळतं. मी तो परतीच्या लाइनवर, रेग्युलेटरनंतर लावतो. पंपावरची वाट अडत नाही, आणि रेलमध्ये खरोखर पोचलेलं इंधनच तो मोजतो. सेन्सरशिवाय तपासायचं असेल तर काचेच्या मापात ५० मिली पाणी आणि ५० मिली इंधन हलवून ठेव. इथेनॉल पाण्यात उतरतं, पेट्रोल वर तरंगतं. खालचा थर ९०वर आला तर इथेनॉल ८० टक्क्यांच्या आसपास. सांगलीकडे लहानपणी कारखान्याच्या मळीचा वास नाकात बसलेला, त्याच स्पिरिटचं मक्यापासून झालेलं भावंड मी आता किचनच्या मापात हलवतो. बायकोने ते माप मला कायमचं देऊन टाकलंय.

पुण्याहून भाचा विचारतो, आमच्याकडे का नाही? पुण्यात ५ जून २०२१ला तीन पंपांवर ई१०० प्रायोगिक सुरू झालं होतं, पण तिथे इंजिन बदलायचं म्हणजे आधी आरटीओची परवानगी, आणि इंधन रोज मिळेल अशी खात्री नाही. त्याला मी एवढंच सांगतो की नळ्या आणि वायरी इथेनॉलच्या दर्जाच्याच घाल, ई२०लाही त्या उपयोगी पडतात. तुझ्याकडेही राज्याचे एमिशनचे नियम बघून घे. ती जबाबदारी तुझी.

ट्यूनिंग. आधी गाडी पूर्ण पेट्रोलवर नीट कर, मग टाकी रिकामी करून ई८५वर, मग मधल्या मिश्रणांवर ईसीयू दोन्ही मॅप कसे जोडतो ते तपास. उलट क्रमाने केलंस तर दोष कुठला ते कळत नाही. वाइडबँडचा (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरचा) डिस्प्ले लॅम्डावर ठेव, ए/एफवर (हवा-इंधनाच्या थेट आकड्यावर) नाही. पूर्ण बूस्टला ०.७८ ते ०.८२. ई८५ थोडं जास्त रिच, म्हणजे जादा इंधनावर, चाललं तरी कुरकुर करत नाही, म्हणून लोक निष्काळजी होतात. फ्लेक्स सेन्सर मध्येच मेला तर ईसीयूने इंधनासाठी शेवटची टक्केवारी धरावी, पण टायमिंग पेट्रोलचं आणि बूस्ट वेस्टगेटच्या (टर्बोचा दाब रोखणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगएवढंच द्यावं. हे ट्यूनरला लेखी सांग, नाहीतर राहून जातं. प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारे), गॅप कमी.

थंडीत सुरू होणं हा माझ्या भागातला रोजचा विषय. शुद्ध इथेनॉलची बारा-तेरा अंशांखाली पेट घेण्याएवढी वाफच होत नाही, जे काही पेटतं ते त्यातल्या पेट्रोलच्या जिवावर. क्रँकिंगचं (स्टार्टर फिरतानाचं) इंधन टक्केवारी आणि तापमान दोन्हींप्रमाणे वाढवावं लागतं, आणि पेट्रोलच्या कितीतरी पट. हा तक्ता डायनोवर होत नाही. सकाळी सकाळी, गाडी रात्रभर बाहेर ठेवून, दिवसाला एकच प्रयत्न करत तो बसवावा लागतो. मला दोन हिवाळे लागले. शून्याखाली ब्लॉक हीटर लाव, लाजू नकोस. थंड इंजिनावर एवढं इंधन पडलं की बरंचसं तेलात उतरतं. तेलाच्या झाकणाखाली दुधट साय दिसली तर घाबरू नकोस, पण छोट्या फेऱ्या टाळ आणि तेल तीन हजार मैलांच्या आत बदल.

पहिल्यांदा दाब दिलास की इंजिन सुरू न करता पंप चार-पाच वेळा चालव आणि प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू फिरव. अग्निशामक हाताशी ठेव. इथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी फिकट असते, धूरही फारसा नसतो. आधी धग लागते, मग कळतं.

आणि नोव्हेंबरात गाडी झाकून ठेवायच्या आधी ई८५ संपव, पेट्रोल भर आणि फ्लेक्स सेन्सर दहा-पंधरा टक्क्यांवर येईपर्यंत चालव. एका वर्षी मी आळस केला होता. एप्रिलमध्ये चारपैकी दोन इंजेक्टर चिकटलेले निघाले, आणि धुऊन परत यायला तीन आठवडे गेले. प्रेशर सेन्सर लावलास की पहिला लॉग पाठव: आयडल, तिसऱ्या गिअरचा एक पूर्ण ओढा, आणि पंपाच्या टोकाचं व्होल्टेज. पंप कुठला ते त्यावरून ठरवू.